मोठ्यानं वाचायचा उन्हाळा

शिक्षकाच्या नोकरीत मी दर जूनला एकच निबंध घालत आलो: 'मी उन्हाळ्याची सुट्टी कशी घालवली'. पोरंही दरवर्षी तेच लिहीत. पहाटे उठलो, मामाच्या गावी गेलो, आमरस खाल्ला, आणि शेवटी ठरलेलं वाक्य, 'अशा प्रकारे मी सुट्टीचा सदुपयोग केला'. ज्या पोरानं सुट्टीभर ढोरं चारली, तोही निबंधात मामाच्या गावी जाऊन आमरस खाऊन यायचा. मी लाल शाईनं दहापैकी सहा द्यायचो आणि वही बाजूला टाकायचो. त्या खोट्याचा मला कधी राग आला नाही. सदुपयोग या शब्दाचा मात्र यायचा, आणि अजूनही येतो.

आता निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी एप्रिल लागला की गल्लीतले आईबाप माझ्याकडे येतात. गुरुजी, पोरगं दहावीत गेलं, उन्हाळ्यात त्याचं लक्ष पुस्तकात कसं राहील तेवढं सांगा. मी सांगतो, सकाळी दोन तास बसवा, मोबाईल काढून घ्या. ते खूश होऊन जातात. ते गेले की मला उगीच थकल्यासारखं होतं, आणि मी खाटेवर पडून राहतो. माझा स्वतःचा एक उन्हाळा असा आहे की त्यात अभ्यास भरपूर झाला, अगदी कोणाला सांगावा इतका. तो कसा झाला हे मात्र मी कोणाला सांगितलेलं नाही.

मी तेव्हा नववीत होतो. आम्ही राजूरला चुन्याच्या भट्ट्यांवर राहत होतो. बा नागपूरहून दीक्षा घेऊन आला त्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. घरातले देव गेले होते आणि त्या कोनाड्यात माझी पुस्तकं आली होती. सारी मिळून पाच पुस्तकं, तीही जुनी घेतलेली, पण माय रोज सकाळी त्यांच्यावरची चुन्याची भुकटी फडक्यानं पुसायची. भट्टीच्या आसपास राहणाऱ्याच्या प्रत्येक गोष्टीवर ती भुकटी बसते. भाकरीवर बसते, पापण्यांवर बसते.

भट्टीवरचं काम माणसामागं मिळत नसे, घरामागं मिळायचं. एका घरानं तीन माणसं द्यायची. एकानं घणानं चुनखडीचा दगड फोडायचा, एकानं फोडलेला दगड टोपल्यात भरायचा, आणि एकानं ते टोपलं डोक्यावर घेऊन चढणीनं भट्टीच्या तोंडापाशी नेऊन ओतायचं. वरून दगड आणि कोळसा यांचे थर टाकत जायचे आणि खालून भाजलेला चुना ओढायचा. तिघं असतील तर त्या घराला दगडाचा एक ढीग मिळे आणि राहायला मालकाची एक खोली. तिघांतलं एक कमी झालं की ढीगही गेला आणि खोलीही. आमच्या घरात बा फोडायचा, माय भरायची आणि थोरली बहीण वाहायची. त्या चैत्रात थोरलीचं लग्न झालं आणि ती उमरखेडकडे नांदायला गेली. आमच्या ढिगावरचं तिसरं माणूस गेलं.

भट्टीचा मुकादम दुसऱ्याच दिवशी दारात येऊन उभा राहिला. मी आत होतो, सगळं ऐकत होतो.

"काय गा, आता तिसरं मानूस कोन तुह्या घरचं?"

"उनायाभर मी दोघाचं करतो," बा म्हणाला. "फोडतो बी, वाह्यतो बी. मिरुग लागला का मानूस देतो."

"पोरगं हाय ना तुह्यं एवढं घोड्यावानी."

"थे शाळेत जाते."

"नापास झालं म्हंतेत ना?"

"एकाच विषयात झालं. शाळा उघडली का पुन्हा बसते."

मुकादम तसा वाईट माणूस नव्हता. उन्हाळ्यात शेतं रिकामी असल्यामुळं भट्टीवर माणसं पुष्कळ मिळत, तेव्हा त्याचंही अडत नव्हतं. मृग लागला की अर्धी माणसं पेरणीला निघून जात आणि मग त्याला एकेका माणसाची ओढ पडे. मृगापर्यंत थांबतो, त्याच्यावर एक दिवस नाही, असं सांगून तो गेला. बानं आत येऊन माझ्याकडं पाहिलं.

"पास झाला तं शाळा," तो म्हणाला. "नाई झाला तं टोपलं."

एवढंच बोलणं झालं. धाकटी बहीण चुलीपाशी बसली होती. ती त्याच वर्षी राजूरच्या शाळेतून सातवी पास झाली होती, माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या मार्कांनी. पुढचे वर्ग वणीला होते. जूनपासून तीही माझ्याबरोबर अडीच कोस चालत वणीच्या हायस्कुलात येणार, हे बानं स्वतःच ठरवलेलं होतं आणि सगळ्या वस्तीला सांगितलेलंही होतं. पास झाला तर शाळा, नाही झाला तर टोपलं, हे वाक्य आम्ही तिघांनीही ऐकलं. मी पास झालो तर टोपलं कोण उचलणार, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. मी तर अजिबात विचारलं नाही. मला त्या वेळी माझ्या डोक्यापलीकडचं काही दिसतच नव्हतं.

मी गणितात नापास झालो होतो आणि त्याचं कारण आमची वस्तीच होती, असं मी आजही म्हणेन. आमच्यात पहिल्यांदाच पोरं पुस्तकं वाचत होती. मोठ्या माणसांना अक्षर येत नव्हतं, मग पोर अभ्यास करतं की नाही हे त्यांनी ओळखायचं कसं? त्यांनी त्यावर एक उपाय शोधला होता. पोरानं मोठ्यानं वाचायचं. आवाज चालू आहे तोवर अभ्यास चालू आहे. भर दुपारी वस्तीतून गेलं तर चार घरांतून चार धडे ऐकू येत, कुठं शिवाजी महाराज, कुठं कापसाची काळी जमीन, कुठं नुसताच पाढा. म्हाताऱ्या बाया सावलीला बसून ऐकत आणि कोणाचं पोर जास्त मोठ्यानं वाचतं यावर त्यांची चढाओढ लागे. माझा आवाज चांगला खणखणीत होता. वस्तीत मी हुशार समजला जायचो.

मराठी, इतिहास, भूगोल हे विषय त्या रीतीनं पोटात गेलेही. गणित गेलं नाही. निकालाच्या दिवशी गणिताच्या मास्तरांनी मला थांबवून घेतलं होतं. करड्या स्वभावाचे होते, पण माझ्यावर त्यांनी अर्धा तास घालवला.

"तुझं तोंड फार चालतं आणि हात अजिबात चालत नाही," ते म्हणाले. "गणित गप्प बसून करायचं असतं. सुट्टीत रोज दहा गणितं कर, एकही दिवस चुकवू नको. जूनमध्ये मी तुला पुन्हा बसवतो. मग तू आणि तुझं नशीब."

रोज दहा गणितं गप्प बसून करायची, एवढीच माझी अडचण होती, आणि ऐकणाऱ्याला ती हसण्यासारखी वाटेल. भट्टीचं काम पहाटे सुरू व्हायचं आणि उन्हाचा ताव वाढला की अकराच्या सुमारास थांबायचं, ते थेट चारपर्यंत. त्या मधल्या वेळात बा घरी यायचा. दोन माणसांचं काम करून आलेला माणूस. मानेवर दगडाच्या टोपल्यानं वळ उठलेले, डोळे चुन्यानं लाल. भाकरी खाऊन तो भिंतीकडं तोंड करून गोणपाटावर पडायचा आणि म्हणायचा, "हं, वाच." मी वाचायला लागलो की त्याचा श्वास लांब व्हायचा. मी थांबलो की तो जागा व्हायचा. आवाजावर झोपणारी आणि आवाज थांबताच उठणारी माणसं मी पुढं कुठं पाहिली नाहीत.

पहिल्या दिवशी मी पाटी घेऊन गप्प बसलो. दोन गणितं झाली नसतील तोच बा उठून बसला.

"आवाज काहून बंद झाला?"

"गणित करून राह्यलो, बा."

"गणिताले आवाज नसते काय?"

"नसते."

"मंग थो अभ्यास कायचा?"

मास्तरांनी सांगितलंय म्हटलं तर त्याला वाटलं मी मास्तरांवर घालतोय. गप्प बसलेलं पोर म्हणजे बसल्या जागी झोपलेलं पोर, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. आणि त्याचं चुकत नव्हतं, कारण मी खरोखरच तसा झोपायचो. मग मी गणितंच मोठ्यानं वाचायला घेतली. एक हौद दोन नळांनी भरतो, पहिला नळ सहा तासांत भरतो, दुसरा नळ आठ तासांत भरतो. वाचता वाचता विचार करता येईना आणि विचार करायला लागलो की वाचणं थांबे, म्हणून मी तो हौद पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. तिसऱ्या दिवशी बाहेर सावलीत बसलेल्या म्हातारीनं आत तोंड घालून विचारलं, "काय रे, परवाचाच हौद भरून राह्यला का अजून?" बासुद्धा हसला. मला मात्र रडू आलं. एक आठवडा असाच गेला, आणि मी हिशेब केला तर मास्तरांच्या सत्तर गणितांपैकी माझी सहा झाली होती.

उपाय धाकटीनं काढला. बा आणि माय भट्टीवर असताना ती माझ्यापाशी येऊन बसली.

"भाऊ, मी वाचते," ती म्हणाली. "तू कर थे तुह्यं."

"बा आवाज ओळखन."

"झोपलेल्या मानसाले काय समजते? म्या जरा जाड आवाज काढला का झालं."

त्या दुपारी बा भिंतीकडं वळल्यावर ती माझ्या जागेवर बसली आणि मी दाराशी उजेडात पाटी घेऊन बसलो. तिनं माझं भूगोलाचं पुस्तक उघडलं आणि घसा खरवडून वाचायला लागली. मला हसू आवरेना. मायनं वातीसाठी कापूस पिंजता पिंजता आमच्याकडं पाहिलं आणि ती पुन्हा पिंजायला लागली. बाचा श्वास लांब झाला. त्या दुपारी माझी पहिल्यांदाच पूर्ण दहा गणितं झाली.

मग ती आमची रीतच झाली. बा आला, जेवला, पडला, "वाच" म्हणाला, की मी पहिल्या चार ओळी वाचायचो आणि पाचवीपासून ती उचलायची. आधी माझं पाहून ती भराभर वाचत होती. हळूहळू ती सावकाश वाचायला लागली. तिनं भूगोल संपवला, इतिहास संपवला, मराठीचं पुस्तक दोनदा वाचलं. मी नळ आणि हौद, रेल्वे आणि पूल, सरळव्याज यांच्यात बुडालेलो असायचो. उन्हाची झळ दारातून आत यायची, पाटी हाताला गरम लागायची, घामानं आकडे पुसले जायचे. मी दुपारभर तसा बसायचो आणि उठताना माझे गुडघे आखडलेले असायचे. माझ्या उभ्या आयुष्यात मी एवढं मन लावून पुन्हा काही केलं नाही.

तिची एक खोड होती. चार वाजता बा गेला की ती मला प्रश्न विचारायची. भरती-ओहोटीचा धडा झाला त्या दिवशी तिनं विचारलं, "समुद्राचं पानी मांगं काहून जाते?"

"चंद्रामुळे."

"चंद्र तं आपल्याकडं बी हाय. मंग आपल्या विहिरीचं पानी काहून नाई वर येत?"

मला माहीत नव्हतं. मी समुद्र पाहिला नव्हता, पाहिलेला माणूसही पाहिला नव्हता. पण माहीत नाही असं म्हणायला मी नववीतला मोठा भाऊ होतो ना.

"तू नुसती वाच," मी खेकसलो. "तुले कोनी समजून घ्याले सांगतलं?"

ती रागावली नाही. पुढं मी पंचवीस-तीस वर्षं भरती-ओहोटीचा तोच धडा वर्गात शिकवला आणि विहिरीबद्दल मला एकाही पोरानं विचारलं नाही. तिला दिलेलं ते उत्तर मात्र मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

मे महिन्याच्या शेवटी तिला ऊन लागलं. सकाळी पाणी भरून आली आणि चक्कर येऊन पडली. अंग तव्यासारखं तापलं. मायनं कांदा किसून तळपायांना चोळला, कैरी भाजून पन्हं पाजलं आणि ओल्या लुगड्याखाली तिला निजवलं. दुपारी बा आला. तिच्या कपाळावर हात ठेवून बसला, जेवला आणि पडला. "वाच," म्हणाला. मी वाचायला लागलो. चार ओळी झाल्या, दहा झाल्या, पान झालं. बा कूस बदलून माझ्याकडं वळला. डोळे टक्क उघडे.

"थे बरी झाली म्हंजे तिलेच वाचू दे," तो म्हणाला.

मी पुस्तक मिटलं.

"तुले माहीत होतं, बा?"

"पहिल्याच दिवशी समजलं. मी काय बहिरा हाव?"

"मंग बोलला काहून नाई?"

तो छताकडं पाहत म्हणाला, "तू वाचे तं मले झोप ये. थे वाचते तं मले समजते. काय होते पुढं म्हनून आयकत राह्यतो. बोललो असतो तं तुमी बंद केलं असतं."

म्हणजे महिनाभर तो झोपलाच नव्हता. पहाटेपासून दोघांचं काम, चार वाजल्यापासून पुन्हा दोघांचं काम, आणि मधले जे चार-पाच तास अंग टाकायला मिळत ते त्यानं डोळे मिटून, भिंतीकडं तोंड करून, लेकीचं वाचन ऐकण्यात घालवले होते. भरती-ओहोटी काय असते हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं सांगता आलं असतं. मी मात्र आपण त्याला फसवतो आहोत या समजुतीत खूश होतो.

मग त्यानं विचारलं, "आन तू काय करत होता?"

मी पाटी पुढं केली, मग गणितांची वही पुढं केली. त्यानं वही मांडीवर घेतली. पान उलटलं, आणखी उलटलं. एका लांबलचक भागाकारावर त्यानं वरून खालपर्यंत बोट फिरवलं. त्याला त्यातलं काहीच कळत नव्हतं, पण ओळी किती आहेत हे कळत होतं.

"हे सारं गुपचूप बसून केलं?"

"हो."

"मंग बस गुपचूप," तो म्हणाला, आणि वही परत देऊन पुन्हा भिंतीकडं वळला. त्या दुपारी आमच्या घरातून आवाज गेला नाही. शेजारची म्हातारी चौकशीला आली तेव्हा मायनं तिला दारातूनच सांगितलं की पोर गणित करते, गणिताले आवाज नसते.

धाकटी चार दिवसांत उठली. अंगात जीव राहिला नव्हता, तरी पाचव्या दिवशी पुस्तक घेऊन बसली. आता चोरी उरली नव्हती. बा तिच्याकडं तोंड करून पडायचा आणि मध्येच विचारायचा, "मंग?" मी दाराशी माझी गणितं करायचो. त्या पंधरा दिवसांइतकं सुख आमच्या घरात मी कधी पाहिलं नाही आणि त्या पंधरा दिवसांइतका थकलेला बासुद्धा कधी पाहिला नाही. घण उचलण्याआधी तो आता त्याच्या दांड्यावर टेकून उभा राहायचा. माय म्हणायची, एक दिवस तरी निजून घ्या. तो म्हणायचा, मिरुग लागू दे.

मृग लागला. मुकादम आला आणि या वेळी तो उभा राहिला नाही, ओट्यावर बसला. माणसं निघून गेली, भट्टी अर्धी भरून पडली, आता मला चालायचं नाही, असं त्यानं सांगितलं.

"पोराची परीक्षा चार दिवसांवर हाय," बा म्हणाला.

"सोमवारपर्यंत थांबतो. सोमवारी तिघं दिसले पायजे ढिगावर. नाई तं खोली खाली कर, मले दुसरं घर आनावं लागते."

"देतो."

"कोन? पोरगं?"

मुकादम जरा वेळ बसून उठून गेला. मी आत त्रैराशिकाची उजळणी करत होतो. कोण, हा प्रश्न माझ्याही कानावर पडला. मी पुढचं गणित घेतलं.

परीक्षा शुक्रवारी झाली. वर्गात आम्ही सातजण होतो आणि इतकी शांतता होती की भिंतीवरच्या पालीचा आवाज ऐकू येत होता. पेपर सोपा नव्हता. पण माझा हात चालत होता. सोमवारी निकाल घ्यायला मी पहाटेच निघालो. बा आणि माय तेव्हा भट्टीवर जायच्या तयारीत होते. धाकटी भाकरी बांधत होती. ती म्हणाली, "भाऊ, लवकर ये. मार्क लिहून आन." माझ्या शर्टाच्या कॉलरवर चुना बसला होता, तो तिनं हातानं झटकला.

मास्तर वर्गात एकटेच बसले होते. त्यांनी माझा पेपर समोर ठेवला. शंभरपैकी एकोणचाळीस.

"काठावर," ते म्हणाले, "पण पास. दहावीत बस. आणि रीत सोडू नको."

परतीचे अडीच कोस मी कसा आलो ते आठवत नाही. दहा वाजून गेले असतील. घरी न जाता मी सरळ भट्टीकडं वळलो, कारण ही बातमी पहिल्यांदा बाला सांगायची होती. आमचा ढीग लांबूनच दिसला. बा घण मारत होता. माय टोपलं भरत होती. आणि चढणीवरून, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर टोपलं घेऊन, धाकटी चालली होती. तिनं थोरलीचं जुनं लुगडं नेसलं होतं आणि हातांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. अजून सवय नव्हती म्हणून ती एकेक पाऊल चाचपत टाकत होती.

मी तिथंच उभा राहिलो. बानं मला पाहिलं.

"काय झालं?"

"पास."

त्यानं घण खाली ठेवला आणि दगडांवरच बसला. मग उठून शेजारच्या ढिगावर ओरडून सांगितलं, पलीकडच्या ढिगावर सांगितलं. मायनं चुन्याचे हात झटकून माझ्या तोंडावरून फिरवले. माझ्या गालांची आग झाली. धाकटीनं वर टोपलं रिकामं केलं आणि भट्टीच्या तोंडाशी उभी राहून तिथूनच ओरडली, "किती?"

"एकोनचाळीस!"

"येवढेच?" ती म्हणाली आणि हसली. खरंच हसली, मनापासून.

बानं निकालाची वाट पाहिली नव्हती. मी नापास होईन असं त्याला वाटलं असतं तर त्यानं सोमवारची सकाळ माझ्यासाठी रिकामी ठेवली असती, मुकादमाच्या पाया पडून आणखी एक दिवस मागितला असता. त्याची खात्री होती की मी पास होईन, म्हणून त्यानं पहाटेच तिला ढिगावर नेलं. मी निघाल्यावर त्यानं तिला सांगितलं, की तिनंच लुगडं काढून नेसलं, हे मला माहीत नाही. मी दोघांनाही कधी विचारलं नाही. त्या दिवशी बा मला एवढंच म्हणाला, "थे पुढच्या साली जाईन वनीले." त्यानं ते मनापासून म्हटलं होतं. पुढच्या साली मी मॅट्रिकच्या, म्हणजे तेव्हाच्या अकरावीच्या, वर्गात गेलो आणि मॅट्रिकच्या पोराचं शिक्षण मध्येच थांबवू नये असं सगळ्यांनाच वाटलं. त्याच्या पुढच्या साली तिचं लग्न झालं.

तो पहिला पावसाळा मी रोज वणीहून चालत घरी येत असे आणि तीही त्याच सुमाराला भट्टीवरून येत असे. न्हाणीच्या दगडावर बसून ती पाय धुवायची. बोटांच्या बेचक्यांत चुन्यानं भेगा पडलेल्या असत, त्यांना ती खोबरेल लावायची आणि लावता लावता मला विचारायची, "आज काय शिकवलं?" मी सांगायचो. आधी नीट सांगायचो. तिचे प्रश्न असत, तिला खोदून खोदून कारणं हवी असत, आणि मी पाच कोस चालून दमलेला असे. पुढं पुढं मी दोन वाक्यांत उरकायला लागलो. मग नुसतं "मराठी, इतिहास" एवढंच म्हणायला लागलो. पोळ्यापर्यंत ती विचारत राहिली. पोळ्यानंतर एक दिवस तिनं पाय धुतले, तेल लावलं आणि काही न विचारता आत जाऊन पडली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिनं विचारणं सोडलं होतं, आणि खरं सांगायचं तर, मला बरं वाटलं.